रातांब्याच्या बिया फेकताय आणि शिआ बटर विकत आणताय?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हाताने साबण, बाम, उटणं करून विकणाऱ्या बायका आणि तरुण पोरं वाढली, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांच्या डब्यांवरची घटकांची यादी वाचली की जीव हळहळतो. पहिलंच नाव शिआ बटर. पश्चिम आफ्रिकेतल्या झाडाच्या बियांची चरबी समुद्र ओलांडून मुंबईत येते, तिथून कुरिअरने कुडाळला. आणि कुडाळच्याच परसातल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया, सालींची सोलं आणि रसाचं आगळ झालं की उकिरड्यावर जातात, नाहीतर पोत्याने पडेल भावात विकल्या जातात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. त्याच फळाच्या बीतलं मुठेल, म्हणजे घट्ट थिजणारं कोकम बटर, मात्र आपल्याच मालात शोधावं लागतं.

माझं ठाम मत आहे की कोकणात बसून त्वचेसाठी काही करायचं तर सुरुवात मुठेलापासून करावी. कारण अभिमानाचं नाही, हवेचं आहे. इथल्या दमट हवेत हातबनावटीचा माल बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. मुठेल नीट काढलं तर त्यात पाणी नसतं, आणि ते टणक असतं. ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात सावलीत ठेवलेला डबाही तग धरतो. शिआ त्याआधीच मऊ पडतं. मुठेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल आणि बाकी मुख्यतः ओलेइक असतं, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही आणि अंगावर चिकटही राहत नाही. शिआचा एक गुण मान्य करायला हवा. त्यात साबण न होणारा भाग जास्त असतो आणि त्याचा मऊपणा वेगळा असतो. मुठेल एकटं लावलं तर खरखरीत, ठिसूळ लागतं. ते तेलात मिसळूनच वापरायचं.

आता काढण्याबद्दल, कारण सगळं इथेच ठरतं.

फळं फोडून सालं वेगळी केली की बिया त्याच दिवशी धुवायच्या. गर चिकटून राहिला तर तो आंबतो आणि बुरशी बीच्या आतपर्यंत जाते. मग कडक उन्हात वाळवायच्या, रोज संध्याकाळी आत घ्यायच्या, रात्रीच्या दवात ठेवायच्या नाहीत. बी हातात हलवली की आतला मगज खुळखुळायला हवा. मग लाकडी मोगरीने फोडून सुपात पाखडायच्या. काळा, वासाचा, बुरशीचा मगज निवडून टाका. हे निवडणं कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. खराब मगजामुळे तेलात मोकळी आम्लं वाढतात. मग तेल उग्र वास मारतं आणि पुढे साबण करताना मिश्रण भराभर घट्ट होऊन साच्यात ओतताच येत नाही.

मगज उखळात बारीक कुटून चौपट पाण्यात मंद उकळायचा. पाण्यात मूठभर जाडं मीठ टाका, त्याने तेल आणि पाणी लवकर वेगळं होतं. वर तरंगणारं तेल पळीने काढत राहायचं. बीच्या वजनाच्या साधारण २३ ते २६ टक्के चरबी असते, पण उकळून काढताना त्यातली बरीच चोथ्यात राहते. घाण्यावर जास्त मिळते. जवळ घाणा असेल तर बिया फोडून, पाखडून न्या. कवचासकट घातल्या तर कवच तेल पिऊन टाकतं.

काढलेलं तेल रात्रभर थिजू द्या. सकाळी तळाचं पाणी ओता आणि खालचा करडा थर सुरीने खरवडून टाका. बाकीचं वितळवून तेवढ्याच गरम मिठाच्या पाण्यात ढवळा, पुन्हा थिजू द्या. असं दोन-तीनदा केलं की वास आणि गढूळपणा बराच जातो. पूर्वी या पायरीवर मुठीने वळून गोळे करून ठेवत. विकायच्या मालासाठी अजून एक पायरी लागते. जाड बुडाच्या स्टीलच्या टोपात तेल १०५ ते ११० अंशांपर्यंत तापवायचं, तडतड आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. मग दुहेरी मलमलीतून गाळायचं आणि किलोमागे २ ते ३ ग्रॅम व्हिटॅमिन ई घालून कोरड्या डब्यात गच्च भरायचं. पाणी उरलंय का ते पाहायला कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवा. तडतडली तर पाणी आहे, पुन्हा तापवा.

हेच आयुर्वेदातल्या सिद्ध तेलांचं शास्त्र आहे. १ भाग कल्क (वनस्पतीचा वाटलेला गोळा), ४ भाग तेल, १६ भाग काढा किंवा स्वरस (ताजा रस), आणि सगळं पाणी आटेपर्यंत मंद आच. कल्काची वात वळता आली आणि विस्तवावर टाकल्यावर ती तडतडली नाही की तेल सिद्ध झालं. आपल्या लोकांना पाण्याचा धोका कळत होता. आता बाटलीत खोबरेल, त्यात ताजी जास्वंद, ताजी कोरफड, ताजी तुळस, आठ दिवस उन्हात, असली तेलं सर्रास विकली जातात. पाकळ्यांचं पाणी तळाशी साचतं आणि तिथून तेल कुजायला लागतं. वनस्पती भिजवूनच तेल करायचं असेल तर ती बोटांत चुरेल इतकी वाळवा. १०० ग्रॅमला १ लिटर तेल घ्या. भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांवर तीन-चार तास ठेवा, गाळा, दोन दिवस निवळू द्या आणि वरचंच तेल घ्या.

टाचांच्या भेगांसाठी आणि कोपर-गुडघ्यांसाठी २०० ग्रॅम बामचं प्रमाण: मुठेल ६० ग्रॅम, तीळ तेल ६०, खोबरेल ५०, मधमाशांचं मेण २०, उंडीचं तेल ९, व्हिटॅमिन ई १. मधमाशांचं मेण नको असेल तर कँडेलिला हे झाडापासूनचं मेण १० ग्रॅम घ्या आणि कमी झालेलं वजन तीळ तेलाने भरा. आधी मेण तीळ तेलात वितळवा, मग मुठेल आणि खोबरेल घाला. ७० ते ७५ अंशांवर वीस मिनिटं ठेवा. घाईत नुसतं वितळलं की उतरवलं तर न वितळलेले बारीक कण राहतात आणि महिन्याभरात बाम रवाळ होतो. मग टोप गार पाण्यात ठेवून ढवळत राहा, कडेला दुधाळ दिसू लागलं की उंडीचं तेल आणि व्हिटॅमिन ई घाला आणि डब्यांत ओता. परदेशी व्हिडिओंत डबे लगेच फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात. आपल्याकडे ते करू नका. बाहेर काढल्याबरोबर दमट हवेने आत दव धरतं, आणि बामवर पहिली बुरशी त्या थेंबांतूनच येते. डबे कोरड्या फडक्याखाली पंख्यापासून दूर थंड होऊ द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकणं लावा.

उंडीबद्दल थोडं. किनाऱ्यालगत, देवळांच्या आवारात ही झाडं आहेत. पूर्वी हे तेल दिव्यांत जळायचं आणि होड्यांना लावायचे. ताज्या बीत तेल जवळजवळ नसतं, हे न कळल्यामुळे पुष्कळ जण निराश होतात. कवच फोडून मगज महिना-दोन महिने वाळवावा लागतो. तो पांढऱ्याचा तपकिरी आणि चिकट झाला की घाण्याला न्यायचा. दाट, हिरवट, उग्र वासाचं तेल निघतं. ५ टक्क्यांच्या वर जाऊ नका, काहींना त्याची ॲलर्जी येते.

साबणासाठी एक किलो तेलांचं प्रमाण असं: खोबरेल ४०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ३५०, मुठेल १८०, एरंडेल ७०. त्याला कॉस्टिक सोडा १४५ ग्रॅम आणि पाणी ३०० ग्रॅम. यात साधारण ६ टक्के तेल जादा राहतं, ते त्वचेसाठी. वजन ग्रॅमच्या काट्यावरच, वाटीने नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि भांडं स्टीलचं. घरातलं ॲल्युमिनियमचं टोप चुकूनही घेऊ नका. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. सोड्याची पिशवी उघडी राहिली तर तो इथल्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून गुठळ्या धरतो आणि त्याची ताकद उतरते. मग हिशेब बरोबर असूनही वडी मऊ आणि तेलकट राहते. लहान पाकिटं घ्या, फोडलं की संपवा.

मुठेल असलेल्या साबणात एक खास चूक होते. सोड्याचं पाणी आणि तेलं ४५ अंशांखाली गेली तर मुठेल थिजायला लागतं, मिश्रण दाट दिसतं आणि साबण जमला असं वाटतं. तो जमलेला नसतो. साच्यात सोडा खाली कुठेतरी साचून राहतो आणि ती वडी अंग भाजते. दोन्ही ४५ ते ५० अंशांवर ठेवूनच मिसळा. शंका आली तर टोप गरम पाण्यात धरा. दाटपणा वितळून गेला तर तो खोटा होता.

रंगासाठी आगळ किंवा कोकमाची पावडर साबणात घालू नका. तो लाल रंग आंबटपणात टिकतो, सोड्यात मळकट तपकिरी होतो. हळदही सोड्यात तांबूस होते आणि उजेडात फिकटते.

वड्या सुकायला चार ते सहा आठवडे लागतात. जुलैत केलेली वडी सुकत नाही, अंगातल्या ग्लिसरीनमुळे हवेतलं पाणी ओढून घामेजते. म्हणून मेमध्ये मुठेल काढून ठेवा आणि साबण दसऱ्यानंतर करा. उटण्याच्या पावडरींचंही तेच. नागरमोथा, कापूरकाचरी, आंबेहळद पाऊस संपून कडक ऊन पडल्याशिवाय दळू नका, आणि कापडातून चाळा.

क्रीम आणि जेलबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. ज्यात पाणी, गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर आहे, त्यात संरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) घालावाच लागतो. व्हिटॅमिन ई संरक्षक नाही, ते फक्त तेलाचं खवटणं लांबवतं. कडुलिंबाच्या किंवा लवंगेच्या तेलाचे चार थेंबही पुरत नाहीत. बुरशी डोळ्यांना दिसते, जिवाणू दिसत नाहीत, आणि ते क्रीम कुणीतरी भेगाळलेल्या कातडीवर लावत असतं. फिनॉक्सिइथेनॉल हा संरक्षक १ टक्क्यापर्यंत चालतो. सोडियम बेंझोएट हा संरक्षक घालणार असाल तर पीएच (आंबटपणाचं माप) ५ च्या खाली हवा, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही. पीएचच्या पट्ट्या विकत मिळतात. ‘केमिकल-फ्री’ म्हणून संरक्षकाशिवाय क्रीम विकणं हा गिऱ्हाईकावर अन्याय आहे. संरक्षक घालायचा नसेल तर पाणी असलेला माल करू नका, बाम करा.

आणि झाडाचं आहे म्हणून सगळं सौम्य नसतं. भेगांवर बिब्बा किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावायची सवय अजून गावोगावी आहे. दोन्हींनी कातडी जळते, फोड येतात, व्रण राहतात. त्यांना कुठल्याही प्रमाणात मालात जागा देऊ नका. चेहऱ्यावर लिंबाचा रस लावून उन्हात जाणं तेवढंच वाईट. शेंगदाणा तेल वापरलं असेल तर ते लेबलवर ठळक लिहा.

विकायचं असेल तर उद्यम नोंदणी पुरत नाही. सौंदर्यप्रसाधने नियम २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. अर्ज सीओएस-५ नमुन्यात, परवाना सीओएस-८ मध्ये. जागेच्या अटी घरातून पुऱ्या होत नसतील तर परवानाधारक कारखान्यात आपल्या नावाने माल करून घ्यायला लोन लायसन्सची सोय आहे. आणि ‘सोरायसिस बरा होतो’, ‘एक्झिमा जातो’ असं डब्यावर लिहिता येत नाही, तो औषधाचा दावा ठरतो.

एक गोष्ट बचत गटांना आवर्जून सांगायची आहे. बी फोडून, पाखडून मगज निवडणं हे यातलं सगळ्यात वेळखाऊ काम, आणि ते बायकाच करतात. बामची किंमत काढताना तेलं, डबी, लेबल, कुरिअर सगळं धरलं जातं आणि हे तास धरले जात नाहीत. म्हणून शिआ स्वस्त वाटतं. तासांची मजुरी आधी लिहा, मग किंमत ठरवा. आणि गिऱ्हाइकांनी घेताना विचारा, मुठेल कुठल्या गावचं, बिया कुणी फोडल्या, किती दिले.