पेटी कुठे ठेवायची?

ज्या पेटीत काही ठेवता येत नाही आणि जी कुठेच ठेवता येत नाही, तिला अँटिक म्हणतात. आमच्याकडची पेटी आत्याने दिली. नव्या घरात जागा नाही म्हणून, असं ती सांगते. पेटी वीतभर आहे.

झाकणावर फुलांची परडी आहे. रंगवलेली नाही, एकेक पाकळी वेगवेगळ्या लाकडाच्या पापुद्र्यातून बारीक करवतीने कापून शेजारणीला बिलगून बसवलेली. पाकळीच्या कडेची सावलीसुद्धा रंगाची नाही. तापलेल्या वाळूत तुकड्याची कड खुपसायची, हवी तेवढी करपू द्यायची आणि कोळसा व्हायच्या आत बाहेर काढायची. हे करणाऱ्या माणसापुढे मी नतमस्तक आहे. त्याने मागे ठेवलेल्या पथ्यपाण्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे.

खिडकीजवळ ठेवावी, तर ऊन. उजेडाने गडद लाकडं फिकट होतात, बरीचशी फिकट लाकडं पिवळी पडत गडद होतात, हिरव्या रंगात बुडवून घेतलेली पानं आपला हिरवेपणा सोडून देतात आणि शेवटी सगळी परडी एकाच तपकिरी रंगात निवृत्त होते. भिंतीला टेकवावी, तर ओल. कपाटावर ठेवावी, तर दिसणार कोणाला? एसीच्या झोतात नको, हीटरजवळ तर नकोच. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर हवी, म्हणून हायग्रोमीटर आणला. ताप आलेल्या माणसाला आमच्याकडे थर्मामीटर सापडत नाही, पण पेटीच्या खोलीतली आर्द्रता कोणीही झोपेत सांगेल. केस धुऊन लगेच त्या खोलीत येऊ नये, असं मी बायकोला सुचवलं होतं. पुन्हा सुचवलं नाही.

एवढे लाड कशासाठी? तर लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळपास नाही. परडीतल्या तुकड्यांच्या रेषा दहा दिशांना, खालच्या फळीच्या अकराव्या. एकत्र कुटुंबच ते. प्रत्येकाची ओढ निराळी आणि मधे सगळ्यांना चिकटवून धरत, समेट घडवत बसलेला एकटा सरस. तो थकला की कोपरा उचलतो. पॅरिसच्या आन्द्रे-शार्ल बूलने (१६४२–१७३२) तर कासवाच्या पाठीत पितळ बसवून राजाघरचं फर्निचर केलं. पितळ दमट हवेला दाद देत नाही आणि खालचं लाकूड हलायचं थांबत नाही, त्यामुळे पितळ सुटून वर येतं. आपली पेटी निदान सगळी लाकडाची आहे, या विचाराने मला बरं वाटतं.

फडक्याने पुसायची सोय नाही. उचललेल्या कोपऱ्यात धागा अडकला, तर पाकळी फडक्याबरोबर जाते. म्हणून मऊ ब्रश. पाहुणे म्हणतात, 'वा!' आणि नखाने टकटक करतात. कुठे पोकळ वाजलं, की तिथला सरस सुटलेला असतो. त्यामुळे 'वा'नंतर मी श्वास रोखून कान देतो. पुढचा प्रश्न असतो, 'किती येतील हिचे?'

शेवटी जुन्या फर्निचरची डागडुजी करणाऱ्या कारागिराला बोलावलं. हाडा-कातड्याच्या सरसाचा मोठेपणा त्याने सांगितला: ऊब आणि ओलावा दिला की तो सोडतो, तुकडा अलगद निघतो, पुन्हा बसतो. सगळ्या दुरुस्तीचा भरवसा त्यावर. मग त्याने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथली पाकळी चकचकीत, टणक काहीतरी ओकत होती.

"हे कोणी चिकटवलंय?"

मी आत्याला फोन केला. तिने तो आतोबांकडे दिला.

"तो कोपरा? मीच बसवला. का रे, निघाला?"

"नाही आतोबा. निघतच नाहीये."

"मग!" पलीकडे छाती फुगल्याचं मला ऐकू आलं. "बाकीचे कोपरे सैल झालेत का? अर्धी ट्यूब शिल्लक आहे, पाठवून देतो."