कव्हर वाजवणारी पोरं चोर नाहीत

रॉक बँड एकमेकांची चोरी करूनच मोठे झाले, असं सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे. दोन गाण्यांचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सुरांचे गट, सारखे असले की ती चोरी. लेड झेपेलिनची चोरी अमेरिकेतल्या कोर्टात सिद्ध झाली. ब्लॅक सबाथने चर्चने बंदी घातलेला 'सैतानाचा स्वर' वापरला आणि पुढच्या बँडांनी तो उचलला. निर्वाणा या बँडच्या कर्ट कोबेनने चोरी स्वतः कबूल केली. आणि म्हणून मुलांना दुसऱ्यांची गाणी शिकवणारे क्लास बंद करा, अशी 'कव्हर' वाजवून प्रतिभा मरते. शेवटी 'प्रत्येक पालकापर्यंत पोचवा'. माझ्या ताईपर्यंत तो पोचला आणि भाच्याचा राजारामपुरीतला गिटारचा क्लास बंद करायचं घरात ठरलं. म्हणून हे उत्तर.

कोर्टापासून सुरुवात करू, कारण मेसेजचा सगळा तोरा त्याच्यावर आहे. खटला होता 'स्टेअरवे टू हेवन' या १९७१ च्या गाण्यावर. त्याची सुरुवात स्पिरिट या बँडच्या १९६८ च्या 'टॉरस'मधून घेतली, असा आरोप होता. जून २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने निकाल दिला तो लेड झेपेलिनच्या बाजूने. २०१८ मध्ये अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी फेरसुनावणीचा आदेश दिला. मेसेज लिहिणारा बहुधा तिथंच थांबला. ९ मार्च २०२० रोजी त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठाने ज्युरीचा निकाल कायम केला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणजे सिद्ध झालं ते नेमकं उलटं. ज्युरीला दिलेल्या सूचनेत स्पष्ट म्हटलं होतं की उतरत्या क्रोमॅटिक (लागोपाठच्या अर्ध्या-अर्ध्या सुरांच्या) सुरावटी, अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणं), तीन सुरांचे छोटे तुकडे यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. ती सूचना मोठ्या पीठाने योग्य ठरवली.

ती सुरावट गिटारवर स्वतः काढून बघा. चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटपासून (दांडीवरच्या सातव्या पडद्यापासून) एकेक खाली या: सात, सहा, पाच, चार, तीन. आपल्या भाषेत सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध. दोन्ही गाण्यांत सारखं आहे ते एवढंच. ही उतरण सतराव्या शतकात इंग्लंडच्या पर्सेल या संगीतकारानेही वापरली होती. 'स्टेअरवे'त खालचा सूर उतरत असताना पहिल्या तारेवरचा वरचा सूर पाच, सात, आठ असा चढत जातो. दोन दिशांनी जाणाऱ्या या दोन ओळींमुळे ती सुरुवात लक्षात राहते. नवशिक्याचंही तिथंच चुकतं: सातव्या फ्रेटवर करंगळी नेताना चौथ्या तारेवरचं बोट उचललं जातं, खालची ओळ तुटते आणि मग ते नुसते कॉर्ड वाटतात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. लेड झेपेलिनचा हात अगदी स्वच्छ नाही. त्यांच्या 'होल लोटा लव्ह'मध्ये विली डिक्सन या ब्लूज गीतकाराचे शब्द होते, डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि नंतर त्यांचं नाव श्रेयात आलं. हे चूक होतं. पण चूक होती ती नाव न देण्याची. ब्लूज ऐकून ब्लूज वाजवणं ही चूक नव्हती.

आता 'सगळे तेच कॉर्ड वाजवतात' हा मुद्दा. सर्वांत निरर्थक हाच आहे, आणि डोक्यात सर्वांत घट्ट बसतो तोही हाच. रॉकमध्ये सगळीकडे ऐकू येतो तो पॉवर कॉर्ड, म्हणजे फक्त सा आणि प. तानपुऱ्यावर रोज लावतो तीच जोडी. ती सगळ्यांनी का धरली याचं कारण अँपमध्ये आहे. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे अँपमध्ये मुद्दाम फाटवलेल्या आवाजातून, दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाचा तिसरा सूरही तयार होतो. सहावी तार मोकळी वाजवली तर साधारण ८२.४ हर्ट्झ, पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट म्हणजे १२३.५. फरक ४१.१. हा बरोबर एक सप्तक खालचा सा, म्हणून कॉर्ड अजून भरदार वाटतो. आता त्यात गंधार घाला, १०३.८. मग २१.४ आणि १९.७ असे आणखी दोन फरक तयार होतात. ते ना एकमेकांशी जुळतात, ना षड्जाशी, आणि आवाजाचा चिखल होतो. गेन, म्हणजे आवाज फाटवण्याचं प्रमाण, जितका जास्त, तितका चिखल जास्त. म्हणून गेन वाढवला की गंधार गाळायचा, हे प्रत्येक पिढीतल्या गिटारवाल्याला हातानेच कळतं. ते कुणाकडून चोरावं लागत नाही.

पिढ्यांमधली खरी देवाणघेवाण आवाजाची आहे. १९५८ मध्ये गिटारवादक लिंक रे यांनी 'रंबल' या रचनेसाठी अँपच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४ मध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला, आणि 'यू रिअली गॉट मी'चा तो खरखरीत आवाज मिळाला. १९७८ मध्ये व्हॅन हेलनने तेच गाणं आपल्या पहिल्या अल्बममध्ये, मूळ लेखकाचं नाव देऊन, पार वेगळ्या आवाजात वाजवलं. यातली चोरी दाखवून द्यावी.

सैतानाच्या स्वराबद्दल फार लिहीत नाही. तो सा ते तीव्र मध्यम एवढाच पल्ला आहे. कोल्हापुरात संध्याकाळी यमन गाणारी मुलं तो रोज घेतात आणि कुणाला काही होत नाही. चर्चने त्यावर बंदी घातल्याचा कागद नाही. जुने गुरू गाताना तो टाळायला सांगत, इतकंच. ब्लॅक सबाथकडे तो आला होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराच्या 'मार्स' या वाद्यवृंदाच्या रचनेतून, जी बासवादक गीझर बटलरला आवडायची.

पुढच्या बँडांनी ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्याकडून घेतलं ते दुसरंच. पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि १९७१ च्या अल्बमपासून गिटार दीड सुराने खाली उतरवली, कारण सैल तारा दाबायला सोप्या. त्याची गरज होती ती पुढच्यांची शैली झाली. पण नुसती नक्कल इथं चालतच नाही. नऊ नंबरच्या (बारीक) तारा दीड सुराने उतरवल्या की त्या लोळतात आणि बोट जरा जोरात पडलं की सूर चढतो. मग अकरा किंवा बारा नंबरच्या (जाड) तारा लावाव्या लागतात, ट्रस रॉड (दांडीचा बाक सांभाळणारी आतली सळई) आणि ब्रिजवरचं इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी) पुन्हा बसवावं लागतं. जाड तारांचा आवाज आयोमीच्या आवाजापेक्षा वेगळा येतो आणि नव्वदच्या दशकातल्या जड बँडांचं वेगळेपण बरंचसं तिथून आलं.

कोबेनचं म्हणाल तर हो, १९९४ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत त्याने 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' करताना पिक्सीज या बँडची नक्कल करायचा प्रयत्न होता, असं सांगितलं. पण घेतलं काय? हळू आवाजातलं कडवं आणि एकदम मोठ्या आवाजातलं ध्रुवपद, ही रीत. सूर नाही, शब्द नाहीत. पिक्सीजचा १९८८ चा 'सर्फर रोझा' स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केला होता. निर्वाणा १९९३ मध्ये त्याच्याकडेच गेले. चोरी करणारा मालकाच्या माणसाकडे उघडपणे जात नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत घातक, कारण त्याने मुलांच्या हातातली गिटार जाते. बीटल्सचा पहिला अल्बम १९६३ चा. त्यातल्या १४ गाण्यांपैकी ६ दुसऱ्यांची होती, आणि त्याआधी हॅम्बुर्गच्या क्लबांत ते रोज तासन्‌तास दुसऱ्यांचीच गाणी वाजवत होते. रोलिंग स्टोन्सचा पहिला अल्बम बहुतांश दुसऱ्यांच्याच गाण्यांचा. आपल्या गावात तर हे सांगायची वेळच येऊ नये. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब इथं राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर आधी ग्वाल्हेरची तालीम घेऊन मग खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि भूर्जीखाँकडे, शिकले, आणि तरी पहिल्या आलापात ओळखू येतात ते मन्सूरच.

कव्हरने नुकसान होतं ते चुकीच्या पद्धतीने वाजवल्यावर. नेटवरचा टॅब (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट दाबायचा याचा तक्ता) बघून बोटं बसवली की कान झोपतो, आणि बरेच टॅब चुकीच्या ट्यूनिंगमधले असतात. तेव्हा आधी बासची ओळ तोंडाने गुणगुणायची, मग ती सहाव्या-पाचव्या तारेवर शोधायची, मग कॉर्ड. अडलं तर व्हिडिओचा वेग ०.७५ करायचा. मेट्रोनोम (लय देणारं यंत्र) सावकाश सुरू करून, तीनदा न चुकता वाजल्यावरच पाचाने वाढवायचा. गेन जितका लागेल असं वाटतं त्याच्या निम्मा ठेवायचा. जुन्या रेकॉर्डवरचा भरदारपणा बऱ्याचदा तीच ओळ दोनदा मुद्रित केल्याने आलेला असतो. गाणं बसलं की तो बँड कुणाचं ऐकून शिकला ते शोधून, त्यांचं एक गाणं बसवायचं. मग दोन्हींतली एकेक गोष्ट घेऊन स्वतःच्या आठ मात्रा रचायच्या.

ताई, क्लास चालू ठेव. भाच्याला या आठवड्यात 'यू रिअली गॉट मी'ची १९६४ ची आणि १९७८ ची आवृत्ती पाठोपाठ ऐकव आणि दोन्हींबरोबर वाजवायला सांग. व्हॅन हेलनबरोबर त्याची गिटार बेसूर वाटेल. त्यात त्याच्या कानाचा दोष नाही. त्या अल्बममध्ये गिटार अर्ध्या सुराने उतरवलेली आहे. सहाही तारा तेवढ्या उतरवून, कॉर्ड कुठल्या फ्रेटवर बसतात ते कानाने पुन्हा शोधायचं.