पिवळ्या बसचा दाखला

दहावीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच वाद. आमच्या वाडीची जिल्हा परिषदेची शाळा, पट 9, शिक्षक 2. पुण्यात स्थिरावलेल्या मित्राने लिहिलं, "9 पोरांसाठी दोन मास्तर कशाला? मोठ्या शाळेत घाला, गाडी लावा. अमेरिकेत तसंच करतात, याला विचारा." याला म्हणजे अमेरिकेत राहणाऱ्या मला.

मला राग आला तो दाखल्याचा. पिवळी बस फोटोत सगळ्यांना दिसते. ती माझ्या मुलांसाठी रोज 7:42 ला कोपऱ्यावर येते आणि तिच्या बाजूचा 'थांबा' पाटीचा हात बाहेर आला की दोन्ही बाजूंची वाहनं थांबतात. त्यासाठी आम्ही लेव्हीला, म्हणजे शाळांसाठीच्या जादा स्थानिक कराला, मत देतो आणि घराच्या टॅक्समधून पैसे भरतो. आमच्या वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत मात्र पऱ्या, म्हणजे ओढा, आहे, त्यावर साकव आहे, आणि आषाढात पाणी साकवावरून जातं. पहिलीतलं पोर तिथून पलीकडे कोण नेणार? त्याची आई लावणी सोडून. शाळेचे वाचलेले पैसे त्या बाईच्या मजुरीतून जातात, फक्त कुठल्या हिशेबात दिसत नाहीत.

आणि अमेरिका म्हणशील तर सगळी सांग. मी सिएटलच्या बाजूला राहतो. 2024 मध्ये तिथल्या शाळांना जवळपास 10 कोटी डॉलरची तूट होती, तेव्हा वीसेक प्राथमिक शाळा बंद करायचा प्रस्ताव आला. पालक उठले. यादी चारवर आली आणि नोव्हेंबरमध्ये तीही मागे घेतली. शिकागोने 2013 मध्ये एका झटक्यात सुमारे 50 शाळा बंद केल्या. पाच वर्षांनी शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहिलं, तर त्या शाळांतली मुलं गणितात मागेच राहिली होती. हा दाखला ग्रुपवर कोणी देत नाही.

आपल्याकडे 2023 मध्ये समूह शाळांचं, म्हणजे लहान शाळांची मुलं एका मोठ्या शाळेत आणायचं, परिपत्रक निघालं, तेव्हा 20 पेक्षा कमी पटाच्या साडेचौदा हजारांहून अधिक शाळा होत्या आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं. त्यातल्या किती वाड्यांना कोणी जाऊन विचारलं? इथे अमेरिकेत निदान शाळा मंडळाच्या सभेत उभं राहून दोन मिनिटं बोलता येतं. मी बोललोय, इंग्रजी अडखळत होतं तरी.

पैसे नाहीत हे मला मान्य आहे. इथेही काटकसर चालते. आमच्या शाळा डिस्ट्रिक्टने शाळा भरायच्या वेळा पुढे-मागे करून त्याच बसच्या दोन फेऱ्या बसवल्या. वाचवायचं तर असं वाचवा. 2024 मध्ये राज्यभर एकच गणवेश द्यायचा म्हणून कापड वरून आलं, कपडे उशिरा मिळाले, मापं चुकली, आणि डिसेंबरमध्ये खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावी लागली. तिथे कात्री लावा. 30 पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला सरकारकडून किरकोळ खर्चासाठी 10 हजार रुपयांचं संयुक्त अनुदान मिळतं. तेवढे माझ्या मुलीच्या उन्हाळी कॅम्पच्या दोन दिवसांत जातात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं: "एवढं आहे तर ये की परत, घाल पोरं त्याच शाळेत."

त्यावर मी आठ दिवस गप्प आहे. कारण तो चुकीचं बोलला नाही. आमच्या वेळी त्याच खोलीत चार वर्ग मिळून 41 मुलं होतो. बाई एका वर्गाला पाढे सांगायच्या तेव्हा दुसरा वर्ग अंगणात चिंचोके मोजत असे. त्या 41 पैकी आज वाडीत पाच जण राहतात. बाकीचे मुंबई, पुणे, आखाती देश, आणि मी इथे. पट सरकारने नाही घसरवला. इथल्या शनिवारच्या मराठी शाळेला मी दरवर्षी देणगी देतो, वाडीच्या शाळेला आजवर एक पंखा दिला.

2023 च्या मे महिन्यात घरी गेलो होतो. सुट्टी असूनही गुरुजी शाळेत आले होते, टाक्या धुवायला माणूस लावला होता. त्यांनी शाळा दाखवली, माझा पंखा लावून दाखवला. मग विचारलं, "तुमची मुलं कितवीत?" म्हटलं, मुलगी तिसरीत, मुलगा पहिलीत. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेल्या पटाकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाले, "म्हणजे 11 झाले असते."