लिफ्टचं दार नीट लावा

अकरा दिवस खपून एका इलेक्ट्रॉनिक वाद्यावर बनवलेला देवळाच्या घंटेचा आवाज परवा रात्री साडेनऊला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टच्या दारात जमा केला. मला ते अजून पचलेलं नाही.

वाद्य म्हणजे यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर, म्हणजे सिंथ, बाजारात आला १९८३ साली. कळव्याच्या एका जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतला आणि चौदा किलोंचं ते धूड रिक्षात आडवं घालून नौपाड्यात आणलं. रिक्षावाल्याने 'सामानाचे' म्हणून वर पन्नास घेतले. घ्यावेत.

जुना सिंथ म्हटलं की मला वाटायचं, गोल गोल नॉब असतील, फिरवत बसू. इथे नॉब औषधालाही नाही. चपटी बटणं, आकडे बदलायला एक सरकपट्टी, दोन ओळींचा पडदा, आणि एकेका आवाजामागे जवळजवळ दीडशे आकडे. आत सहा ऑपरेटर, म्हणजे सहा साधे सूर. त्यांची मांडणी बत्तीस प्रकारे होते. काही सूर ऐकू येतात, बाकीचे त्यांना नुसते गदागदा हलवतात. आकृतीतही हलवणारे वर आणि ऐकू येणारे खाली. आमच्या इमारतीसारखंच. वरच्यांचा मिक्सर दिसत नाही, पण आपल्या कपातला चहा थरथरतो. ही करामत जॉन चाउनिंग यांना स्टॅनफर्डमध्ये १९६७ साली सापडली. सुराला देतात तो कंप ते वाढवत गेले, आणि एका वेगानंतर तो कंप वाटेनासा होऊन आवाजाचा पोतच बदलला.

मी सगळं पुसून कोऱ्या आवाजापासून सुरुवात केली. कोरा आवाज म्हणजे दम गेलेली कुकरची शिट्टी. दुसऱ्या ऑपरेटरची पातळी चढवली तशी शिट्टीला धार आली. त्याच्या कंपनांचं पहिल्याशी असलेलं प्रमाण एकावरून १.४१ वर नेलं आणि अंगावर काटा आला, कारण खोलीत पितळ वाजलं. पूर्ण पटीत नसलेलं प्रमाण दिलं की आवाज धातूचा होतो. मग उरले आघात आणि विरणं. हलवणारा सूर आधी मेला पाहिजे, म्हणजे सुरुवातीला झणका आणि मागे नुसता घुमारा. यात आठ दिवस गेले. नाव दिलं 'देउळघंटा'. यंत्र नावाला रोमन दहाच अक्षरं देतं. मोजून पाहा, बरोबर दहा होतात.

साठवायला गेलो तर पडद्यावर 'मेमरी प्रोटेक्टेड'. आधीच्या बत्तीस आवाजांना संरक्षण, नव्याला बाहेर उभं करायचं. मी भाडेकरू आहे, मला ही पद्धत ओळखीची आहे. ते कुलूप काढायचं बटण शोधत होतो, तेवढ्यात बेल वाजली.

दारात काका. बनियन, लुंगी, हातात टॉर्च.

"लिफ्टचं दार उघडं राहिलंय. वीस मिनिटं टिंग टिंग चाललंय."

"काका, ते मी वाजवतोय."

"लिफ्ट?"

आत घेतलं. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले आणि भजनी मंडळात पेटी वाजवणारे, त्यामुळे त्यांना यंत्रातलंही कळतं आणि सुरातलंही. त्यांनी वाद्याला टॉर्च मारत एक प्रदक्षिणा घातली. खोलीत ट्यूबलाइट चालू होती.

"भाता कुठाय?"

"भाता नाही याला."

"मग वारा कुठून येतो?"

"वारा नाही काका, सगळा आकड्यांचा खेळ आहे."

वीज मंडळात हयात घालवलेल्या माणसासमोर हा शब्द काढू नये. त्यांचा टॉर्च थेट माझ्या प्लगवर गेला.

"आकडा टाकलायस?"

मीटर, बिल, घरमालकाचं नाव, सगळं झालं. मग जरा निवळले. "काळी एक दे." दिली. डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता दाद येणार.

"सुरात आहे. पण घंटा सुरात कशाला? कौपिनेश्वराच्या देवळात जाऊन ऐक एकदा. ही लिफ्टच."

मी समजावत होतो, एवढ्यात त्यांनी बोट पुढे केलं. "ही बटणं आहेत की स्टिकर?" आणि दाबलं. 'देउळघंटा' पडद्यावरून गेली आणि ऑर्केस्ट्रावाल्याचा इलेक्ट्रिक पियानो अवतरला. काकांनी दोन पट्ट्या दाबून पाहिल्या.

"हां! हे छान आहे. असं काहीतरी बनव की."

ते गेल्यावर मी त्या पियानोवरच राग काढला, दिसेल तो आकडा खालीवर केला. रात्री एक वाजता माहितीपुस्तिकेत सापडलं की हरवलेला आवाज 'एडिट रिकॉल'ने परत मिळतो, दुसऱ्या आवाजाला हात लावला नसेल तर.

घंटा गेली, पुन्हा करेन. आकडे थोडेफार पाठ आहेत. चीड वेगळीच आहे. आमची खरी लिफ्ट गणपतीपासून टिंगटिंगतेय. दार लावलं तरी टिंगटिंगतेय. मी दोनदा लेखी दिलं, तेव्हा उत्तर आलं की तक्रार मालकाने करायची असते. मेंटेनन्स मात्र मालक माझ्याकडूनच वसूल करतो. इतक्या महिन्यांत त्या आवाजासाठी टॉर्च घेऊन एक माणूस जिना चढला नाही. माझ्या घंटेसाठी वीस मिनिटांत चढला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी पाटी लागली, 'लिफ्टचं दार नीट लावा'. खाली कोणीतरी पेनने लिहिलंय, 'व वाद्ये हळू वाजवा'. टिंग टिंग चालूच आहे. काल मी ऑफिसात असताना वॉचमनचा फोन आला.

"साहेब, तुमचा बाजा चालू राहिलाय वाटतं. काका बंद करायला सांगतायत."