उसण माझी, श्रेय टाचेचे

दाराबाहेर पडलेली दुधाची पिशवी उचलायला मी वाकलो आणि तसाच राहिलो. कमरेत उसण भरली होती. घडले ते एवढेच. माझा खरा अपमान त्यानंतर झाला आणि तो करणारे गृहस्थ आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात.

अर्ध्या लिटरच्या पिशवीने कंबर धरली असे सांगितले की लोक हसतात. हसणाऱ्यांनी शाळेतला तरफेचा धडा आठवावा. माणूस कमरेत वाकला की डोके, हात, छाती आणि पोट असा निम्म्याहून अधिक देह पुढे लोंबतो. ७० किलोच्या माणसात हा भार ४० किलोच्या घरात जातो आणि त्याचा गुरुत्वमध्य कमरेच्या तळापासून सुमारे ३० सेंटिमीटर पुढे सरकतो. हे सगळे तोलून धरणारे पाठीचे उभे स्नायू मात्र मणक्यांच्या मागे जेमतेम ५-६ सेंटिमीटरांवर असतात. त्यामुळे त्यांना भाराच्या पाच-सहा पट, म्हणजे २०० किलोंच्या वर ओढ द्यावी लागते. दुधाचे वजन या हिशेबात धरण्याइतकेही नाही. आमच्या जिन्यावर जमलेल्या मंडळींपैकी एकानेही हा हिशेब केला नाही, ‘दूध उचलताना?’ एवढेच प्रत्येकाने आळीपाळीने विचारले आणि एकाने मोबाइलवर माझे चित्रण केले. खुर्ची मात्र कोणी आणली नाही.

खुर्चीऐवजी आणले गेले अप्पा.

अप्पा पायाळू आहेत. जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले, आणि या एका कर्तृत्वावर त्यांनी पुढची अठ्ठ्याहत्तर वर्षे मान मिळवला आहे. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, ही समजूत आपल्याकडे किती जुनी आहे ते सांगता येणार नाही. पण अप्पांच्या चेहऱ्यावरून ती त्यांच्यापासूनच सुरू झाली असावी असे वाटते. पायाळूवर वीज पडते असेही म्हणतात. त्यामुळे पावसाळ्यात अप्पा गच्चीवर जात नाहीत, आणि जे जातात त्यांच्याकडे ‘तुमचं बरं आहे’ अशा दृष्टीने पाहतात. पायाळूला डोळ्यांत अंजन घातल्यावर जमिनीतले गुप्तधन दिसते, ही तिसरी समजूत. तिचा लाभ त्यांना अद्याप झालेला नाही, कारण अप्पांच्या मते योग्य जमीनच मिळाली नाही.

मला वाकलेल्या अवस्थेत त्यांची फक्त पावले दिसत होती. ती माझ्यासमोर येऊन थांबली.

“कुठे धरलंय?”

“डावीकडे, कमरेच्या जरा वर.”

“शिरेवर शीर चढलीय.”

“अप्पा, शिरा एकमेकींवर चढत नाहीत. पाठीचा स्नायू आखडलाय.”

“तेच ते. चढलाय.”

“चढत नाही हो, आखडतो.”

“तू डॉक्टर आहेस?”

“नाही.”

“पायाळू आहेस?”

“नाही.”

“मग गप वाक.”

“मी वाकलेलोच आहे, अप्पा.”

“आणखी थोडा.”

यावर युक्तिवाद संपला. समोरच्या वहिनींनी मध्येच, अंग अगदी सैल सोडा, शवासनात असल्यासारखे, असा सल्ला दिला. वहिनी योगवर्गाला जातात. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी तेव्हा बोललो नाही, पण शव हे सैलपणाचे उदाहरण फार काळ टिकत नाही. मृत्यूनंतर काही तासांतच देह लाकडासारखा ताठ होतो, आणि त्याचे कारण स्नायूंच्या रचनेतच आहे. स्नायूच्या तंतूंत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. मायोसिनला बारीक बारीक डोकी असतात. विहिरीतून पोहरा काढणारा माणूस हात बदलत बदलत दोर ओढतो, तशी ही डोकी अ‍ॅक्टिनचा धागा पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात आणि त्यामुळे स्नायू आखूड होतो. ही गोष्ट १९५४ साली दोन वेगळ्या जोड्यांनी एकाच वेळी मांडली: अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के ही एक, आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन ही दुसरी. दोन्ही हक्सलींचे एकमेकांशी नाते नव्हते.

या व्यवहारातली खोच अशी की धागा पकडलेल्या डोक्याला तो सोडण्यासाठी एटीपी नावाचे इंधन लागते. स्नायूला आखडण्याचा इशारा देणारे कॅल्शियम परत आपल्या कोठारात भरायलाही तेच इंधन खर्ची पडते. मेलेल्या माणसाच्या शरीरात एटीपी तयार होणे थांबते, पकडलेली डोकी सुटत नाहीत आणि देह ताठ होतो. सैल पडणे हे जिवंत माणसाचे, खर्चाचे काम आहे. ‘अंग सैल सोड’ असे फुकट सांगणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवे. मी तर त्या क्षणी माझ्या परीने तो खर्च करतच होतो.

पण स्नायू माझे ऐकत नव्हता, कारण त्याला हुकूम माझ्याकडून येत नव्हताच. पाठीच्या आतल्या एखाद्या सांध्याला किंवा तंतूला इजा झाल्याचा निरोप निघाला की मज्जारज्जू मेंदूला न विचारता भोवतालच्या स्नायूंना आवळून धरायला लावतो, म्हणजे माणूस पुन्हा तशी हालचाल करणार नाही. ही राखण आहे. राखणदारच इतका जोरात पकडतो की त्यानेच दुखू लागते, हे त्याचे वैगुण्य. तरी हेतू चांगला असतो. अप्पांबद्दलही लोक असेच म्हणतात, म्हणून मी ही तुलना पुढे नेत नाही.

आता लाथ. तिला ते ‘पाय लावणे’ म्हणतात. आधी डावा की उजवा यावर जिन्यात चर्चा झाली. डावा ठरला. शनिवार असता तर एकदाच पुरला असता, आज तीनदा लावावा लागेल, असे अप्पांनी जाहीर केले, जणू वारात माझा दोष होता. मग त्यांनी डावा पाय उचलला, आणि इथे शरीरशास्त्राने त्यांना गाठले. माणूस एका पायावर उभा राहिला की उचललेल्या पायाच्या बाजूने ओटीपोटाचे हाड खाली झुकू पाहते. त्याला सरळ ठेवण्याचे काम टेकवलेल्या पायाच्या बाजूचा नितंबाचा मधला स्नायू करतो. तो कमकुवत असेल तर माणूस डुलतो. उतारवयात स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद घटत जाते, आणि अप्पांनी आयुष्यभर त्यांच्यासाठी जन्माव्यतिरिक्त कोणताही व्यायाम केलेला नाही. ते डुलले. तोल सावरायला त्यांनी जवळची स्थिर वस्तू पकडली. ती वस्तू म्हणजे माझी पाठ होती.

ज्या स्नायूंवर आधीच २०० किलोंची ओढ होती, त्यांच्यावर अप्पांनी आपले दोन्ही हात रोवले आणि त्या आधाराने माझ्याच कमरेला टाच लावली. एक. मी ओरडलो. “उतरतेय,” अप्पा म्हणाले. दोन. मी असे काही बोललो जे लेखात लिहिता येत नाही. “बघा, बाहेर पडतेय,” अप्पा जमलेल्यांना म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांचा नेम चुकला आणि टाच बरगडीवर बसली. ती त्यांनी धरली नाही, पुन्हा लावली.

आणि मी सरळ झालो.

याचाच मला राग आहे. अप्पा येण्याआधी मी बराच वेळ त्या स्थितीत, हळूहळू श्वास सोडत, हात गुडघ्यांवर टेकून भार कमी करत होतो. हात टेकले की पाठीची ओढ निम्म्याहून कमी होऊ शकते, निरोप थंडावतात, राखणदार पकड ढिली करतो. साध्या उसणीचे बहुधा असेच होते. पहिला झटका ओसरतो आणि उरलेले दुखणे काही दिवसांत ते आठवड्यांत जाते, टाच लागो वा न लागो. माझ्या शरीरातल्या सहाशेहून अधिक स्नायूंनी, जे माझ्या वजनाचा जवळजवळ ४० टक्के भाग आहेत, मिळून जे काम केले त्याचे श्रेय एका भेगाळलेल्या टाचेने नेले. जिन्यात टाळ्या वाजल्या. कुणाच्या नावाने वाजल्या हे सांगायला नको.

तसे पाहिले तर स्नायूंच्या नशिबी हेच असते. हृदयाचा स्नायू दिवसाला सुमारे एक लाख वेळा आवळतो, श्वासपटल झोपेतही खालीवर होत राहते, आतड्यांचे स्नायू आपण काय खाल्ले याची तक्रार न करता ते पुढे ढकलतात. त्यांच्यासाठी कधी कोणी जिन्यात जमत नाही. एवढेच कशाला, स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. आतडेसुद्धा ढकलते ते मागचा भाग आवळूनच. कोपर वाकवायला एक आणि सरळ करायला दुसरा अशी त्यांची जोडीने नोकरी असते, आणि तिथेही लोक दंडाच्या पुढच्या बेटकुळीचेच फोटो काढतात. मागचा बिचारा, जो आकाराने मोठा असतो, तो कुणाला दिसत नाही.

एक मात्र गंमत बाजूला ठेवून सांगतो. उसणीबरोबर पाय बधिर झाले, पायातली ताकद गेली, किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ते दुखणे वेगळे असते आणि तिथे लगेच रुग्णालय गाठावे लागते. अशा माणसाच्या पाठीवरही आमच्या इमारतीत आधी अप्पाच चढवले जातील याची मला खात्री आहे, आणि ही बाब मला हसण्यासारखी वाटत नाही. मी तसे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलेही. उत्तरादाखल अप्पांच्या टाचेचे चित्रण तिथे पुन्हा टाकण्यात आले, त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली, आणि ‘उपकार विसरू नये’ असा एक मोघम सुविचारही आला.

पुढे मी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी पडून राहू नका, जमेल तेवढे चाला, असे सांगितले. अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता बहुतेक मागे पडला आहे. पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम शिकवला, पिशवी उचलताना गुडघ्यांत वाकायला लावले. मला वाटले, निदान इथे शास्त्राचा माणूस भेटला. तेवढ्यात सौभाग्यवतींनी त्यांना अप्पांची हकिगत उत्साहाने सांगितली. मी न्यायाच्या अपेक्षेने बाईंकडे पाहिले. बाईंनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

“ते घरी येतात का हो? माझ्या सासूबाईंची कंबर फार दुखते.”

माझ्याकडून फी मात्र त्यांनी पूर्ण घेतली.