दगडाचं अभ्यंगस्नान

टाकी आणली, मासे आणले, आता दगड विकत कोण घेणार? अख्खं कोकण दगडांचं आहे. रविवारी ओहोटी बघून किनाऱ्यावर उतरा आणि कालवं चिकटलेला एखादा देखणा धोंडा उचला. कालवं काढत बसू नका. टाकीच्या गोड्या पाण्यात ती मरतील, कुजतील, अमोनिया सोडतील. वासावरून शेजारीही टाकी बघायला येतील. शिंपल्यांतला चुना हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा आणि पीएच वाढवत राहील, म्हणजे आंबटपणा कमी करत राहील. निऑन टेट्रा माशाला मऊ, किंचित आंबट पाणी लागतं म्हणे. लागू दे.

मालवणकडे असाल तर थेट प्रवाळच उचला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत बसवलंय, आणि तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. एवढ्या मानाचा दगड दुकानात कुठला मिळायला? समुद्र लांब पडत असेल तर हापूसच्या बागेखालचा वहाळ बरा. वरची फवारणी पावसानं तिथेच उतरते, टाकीत वेगळं औषध घालायला नको.

व्हिनेगरच्या भानगडीत पडू नका. कोरड्या दगडावर ओरखडा काढून चार थेंब टाकायचे आणि बुडबुडे आले तर आत चुना आहे, एवढंच कळतं. काळ्या दगडावर काहीच होत नाही, मग मजा काय? जांभाही फेसाळत नाही, पण त्याचं कौतुक वेगळं. काथ्यानं घासला की लाल पाणी, पुन्हा घासला की पुन्हा लाल पाणी. चौथ्या बादलीला लक्षात येतं की घाण निघत नाहीये, दगडच निघतोय. उरलेल्या भोकांच्या कडा माशांचे पर फाडायला पुरतात.

आता अभ्यंग. भांड्यांचा साबण सढळ हातानं लावा. सच्छिद्र दगड तो पिऊन बसतो, कितीही खळबळा, पुरता निघत नाही. टाकीत हवेचा पंप चालू केला की वर फेस आणि खाली कल्ले पोळलेले मासे. नुसतं पाणी आणि ताठ ब्रश घेऊन घासणाऱ्यांना सणाची हौसच नसते.

मग दगड हंड्यात घालून न्हाणीतल्या चुलीवर चढवा. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फुटतो, दिवाळीचे फटाके वाचतात. ओहोटीच्या खडकावर फुलासारखे पसरलेले, बोट लावताच मिटणारे जीव त्याला चिकटलेले असतील तर खिडक्या लावून उकळा. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. वाफेबरोबर ते घरातल्या सगळ्यांच्या छातीत उतरतं आणि पुढची आंघोळ हॉस्पिटलात. भित्री माणसं असला दगड घरी आणतच नाहीत. वहाळातला घट्ट दगड घासून बादलीत ठेवतात, वरून उकळतं पाणी ओततात आणि निवू देतात.

ब्लीचचंही तेच. एक भाग बिनवासाचं ब्लीच, वीस भाग पाणी, नंतर हायपोचे (क्लोरीन मारणारे) खडे घातलेल्या पाण्यात बुडवणं, क्लोरीनचा वास पुरता जाईपर्यंत पाणी बदलणं, मग चार-पाच दिवस कडक ऊन: एवढा वेळ कोणाला आहे? तुम्ही सुगंधी ब्लीचची बाटली ओता आणि शेवाळ हटलं नाही तर त्यावरच व्हिनेगर. क्लोरीन वायू तयार होतो, डोळे आपोआप धुतले जातात.

आठवडाभर दगड बादलीत भिजवून आधी-नंतर पीएच मोजणारेही आहेत. त्यांच्या घरात बादल्या जास्त असाव्यात.

शेवटी दगड वाळूवर, शक्यतो एकावर एक. खालची वाळू माशांनी उकरली की रात्री दीडच्या सुमारास एक आवाज येतो आणि सकाळी गप्पी सोफ्याखाली सापडतात. काचेवर आधी थर्माकोल, त्यावर दगड टेकवून मग वाळू ओतणारे त्या आवाजाला मुकतात.