घायतोंडे

उपाशीपोटी रक्त द्यायला ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये बसलो होतो. चहासुद्धा घ्यायचा नाही, आणि बाहेर मिसळ खाऊन तृप्त झालेले लोक फिरतायत. वेळ काढायला मांडीवर शब्दकोडं.

कोडं ललित कलांचं. म्हणजे 'चित्रकाराचं साधन (3)', कुंचला, हे आलंच. कोडी रचणाऱ्यांनीच हा कुंचला जगवलाय. आमचा रंगारीसुद्धा 'बरश' म्हणतो. आडवं सात मात्र झकास होतं. 'गणपतराव म्हात्रे यांचं 1896 चं गाजलेलं शिल्प (8)'. मंदिरपथगामिनी! मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना घडवलेलं. मी घरं मोजतोय तोच शेजारच्या काकांनी पेपर ओढला. पेनही घेतलं.

"कसलं शिल्प हो?"

"देवळात निघालेली बाई आहे, काका. त्याचं नाव..."

"कळलं, कळलं."

आणि ओठ हलवत, एकेका घरात ठासून, बॉलपेनने लिहिलं: दे, व, ळा, त, नि, घा, ले, ली. घरं बरोब्बर आठ! बाई तेवढी चौकटीबाहेर राहिली.

"काका, मंदिरपथगामिनी आहे ते."

"मग मी वेगळं काय लिहिलं?"

त्या 'घा'पासून उभा शब्द सुरू होत होता. 'अमूर्त चित्रांसाठी विख्यात वासुदेव ... (4)'.

"गायतोंडे!" मी जवळजवळ ओरडलोच. काउंटरवरच्या मुलीने डोळे वटारले.

"गा कुठाय?" काकांनी पेनाचं टोक घरावर टेकवलं. "हा घा आहे. घायतोंडे."

2013 साली मुंबईतल्या लिलावात ज्यांचं एक चित्र 23 कोटींच्या वर गेलं, त्यांची ही गत! पण काकांना तरी काय बोलणार? आमच्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताच्या बाई हक्काने पळवायच्या. आता सोसायटीतली पोरं चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर. चित्र बघायला कोणी घेऊन जात नाही, आणि 'अमूर्त' तेवढं कोड्यात विचारतात.

काकांचा नंबर लागला. पेन खिशाला लावूनच आत गेले. बाहेर आले ते कोपरात कापूस दाबत.

"हे घायतोंडे ठाण्याचेच ना?"

"जन्म नागपूरचा," मी दात आवळून म्हणालो.

"मग बरोबर. तिकडे घायतोंडेच म्हणत असतील."